कुंडीवरची खडूची खूण

थोरला कपडे बदलायच्या खोलीत पडद्याआड दडून उभा होता. स्वतःच्याच दुकानात, चोरासारखा! पण आज धाकट्याला रंगेहाथ पकडायचंच, असं त्याने ठरवलं होतं.

दोघे भाऊ शिंपी. दुकान एकच, आणि वर्ष होत आलं तरी बोलणं बंद. कारण काय, तर एका कोटाची बाही! कात्री हवी असली तरी गिऱ्हाइकाला मध्ये घालायचे: "त्यांना म्हणावं, कात्री द्या." गिऱ्हाइकं बिचारी इकडून तिकडे कात्र्या पोचवायची. आता तर दुकानाच्या मधोमध भिंत घालायचं चाललं होतं. गवंडी सोमवारी येणार होता. थोरल्याचा जीव तुटत होता. पण आधी बोलायचं कुणी?

त्यात हे टोमॅटोचं रोप. लेकीकडे राहायला जाताना आईने कुंडी काचेच्या खिडकीत ठेवली आणि थोरल्याला बाजूला घेऊन बजावलं, "रोज सकाळी कुंडी अर्धी फिरवत जा, म्हणजे रोप सरळ वाढेल. जागा मात्र बदलू नकोस. आणि धाकट्याच्या भरवशावर राहू नकोस हो!"

तो इमानेइतबारे फिरवत होता. रोप मात्र सुतळीसारखं लांबलं, पिवळं पडलं आणि काचेकडेच लवत गेलं. शेवटी त्याने कापडावर आखायच्या खडूने कुंडीवर खूण केली. सकाळी खूण दुकानाच्या आतल्या बाजूला केली. चहा पिऊन येतो तर काचेकडे! म्हणजे हा पठ्ठ्या मुद्दाम उलटी फिरवतो. माझ्यावरचा राग आईच्या रोपावर?

धाकटा आला. इकडेतिकडे बघून रोपापाशी वाकला. पानावरची धूळ फुंकली. "बाबा रे, आई यायच्या आत तरी सरळ हो," असं म्हणत त्याने हलक्या हाताने कुंडी फिरवली.

थोरल्याने पडदा सारला. "अरे गाढवा, मी आत्ताच फिरवली होती ना!"

"तू?" धाकटा दचकला. "तू कशाला? रोज मी फिरवतो!"

दोघांची नजर कुंडीवरच्या खुणेवर गेली. मग धाकटा फिस्सकन हसला. थोरला तर हसता हसता खालीच बसला, आणि मग त्याच्या डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

त्याच दिवशी दोघांनी रोप मोठ्या कुंडीत पानांपर्यंत खोल लावलं, काठीचा आधार दिला आणि आईचा हुकूम मोडून सरळ दाराबाहेर उन्हात ठेवलं. सोमवारी गवंडी आला, चहा पिऊन परत गेला. गवंडी आला, चहा पिऊन परत गेला.

आई आली तेव्हा रोपाला फुलं लागली होती.

"तूच म्हणाली होतीस ना, धाकट्याच्या भरवशावर राहू नकोस?" थोरला म्हणाला. "माझ्याइतकंच केलंय हं त्यानेही."

"धाकट्याच्या?" धाकटा ओरडला. "मला तर म्हणाली होती, थोरल्याच्या भरवशावर राहू नकोस!"

आईने खालचं एक वाळकं पान खुडलं.

"रोप काय, उन्हात ठेवलं असतं तर तेव्हाच सरळ झालं असतं," ती म्हणाली. "पण तुम्ही?"