तातडीचं काम

आमचे मोठे साहेब परदेशात बसतात. दरवर्षी ते भरपगारी रजेवर जातात आणि त्या दिवसांत कुणीही मेल केली की आपोआप एकच उत्तर येतं, ‘मी पाच आठवडे रजेवर आहे. तातडीचं काम असेल तर थोडं थांबा.’

हे मी बायकोला वाचून दाखवायचो आणि पोट धरून हसायचो. “बघ! आणि इथे मी बारा वर्षांत सलग पाच दिवस घरी बसलो नाही.”

“काय ते कौतुक!” ती म्हणायची.

यंदा माझी साठलेली रजा साहेबांच्या नजरेस पडली. त्यांनी माझा लॉगिनच बंद करून टाकला आणि मला सक्तीने तीन आठवडे घरी बसवलं.

रिकामं बसणं माझ्या रक्तात नाही. पहिल्या दिवशी मी घड्याळ लावून बायकोचं भाजी चिरणं पाहिलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून त्यांना नंबर दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ओट्यापाशी मीटिंग घेतली. ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, पटलं.

चौथ्या दिवशी उठलो तर घर शांत. कपाटावरची तिची बॅग जागेवर नाही आणि चहाची पूड काही केल्या सापडेना. मी मेसेज टाकला, “अगं, पूड कितव्या डब्यात आहे?”

लगेच उत्तर आलं.

 

‘मी पाच आठवडे रजेवर आहे. तातडीचं काम असेल तर थोडं थांबा.’