सहाचा दगड

उद्या तपासणीला साहेब येणार होते, आणि दुसरीतल्या पोरांना रिकाम्या जागेतला आकडा काही केल्या भरता येत नव्हता. शेवटी साहेबराव गुरुजींनी फळ्यावर बाजारच्या रस्त्यावरचे किलोमीटरचे दगडच काढले. शहागड ८, शहागड ७, मग एक कोरा दगड, मग शहागड ५.

“दर बाजाराला गाडीतून बघता ना? मंग सांगा, मधला दगड कितीचा?”

कधी तोंड न उघडणारी झुंबर उभी राहिली. “सहाचा, गुरुजी.”

गुरुजींचा चेहरा फुलला. “शाब्बास. कसं वळखलं?”

झुंबरचे डोळे भरून आले. “आमच्या न्हाणीत हाय. माय त्याच्यावर धुणं धुती. पण म्या न्हाई आणला गुरुजी, बापानं आणला.”

सगळा वर्ग हसला. गुरुजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “रडू नको. उत्तर बराबर हाय तुझं.”

मग ते फळ्याकडं वळले. खालच्या गणितात त्यांनी चारचा दगड कोरा सोडला होता. त्यात त्यांनी गुपचूप आकडा भरून टाकला. चारचा दगड गेल्या पोळ्यापासून त्यांच्याच दारात पायरी म्हणून पालथा पडलेला होता.