अठरा दिवसांचा पान्हा

भिंतीपलीकडे बाळ पुन्हा रडायला लागलं आणि वासंतीचा गाऊन छातीपाशी भिजला.

"ऐकलंत?" तिने नवऱ्याला विचारलं.

"एसी घरघरतोय गं."

सत्त्याण्णवचा ऑगस्ट. आखातातल्या करामा वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत एसी दिवसभर घरघरायचा, हे खरं. पण एसीच्या आवाजाने कधी कुणाला पान्हा फुटलाय?

तिचं स्वतःचं बाळ मातीला देऊन अठरा दिवस झाले होते. पूर्ण दिवसांचं, गोरंगोमटं पोर. जन्मलं ते न रडताच. नर्सने गोळ्या दिल्या, छाती घट्ट बांधायला सांगितली. म्हणाली, "बाळाचं रडणं कानावर पडलं नाही, की आठ दिवसांत दूध आटेल." कसलं आटतंय! शेजारचं ते पोर दिवसातून सात-आठदा टाहो फोडायचं, आणि ही बेसिनपाशी उभी राहून दूध पिळून टाकायची.

आज शुक्रवार, इकडचा सुट्टीचा दिवस; उपासना आटोपून पाळकसाहेब भेटायला आले. "यातही प्रभूची काही योजना असेल, ताई," म्हणाले. योजना म्हणे! वासंतीचं डोकंच फिरलं. ते गेल्यावर ती भिंतीवरच्या क्रुसासमोर जाऊन उभी राहिली.

"पोर नेलंस ते नेलंस. मग हे दूध कुणासाठी ठेवलंस रे?"

पलीकडे पोर जिवाच्या आकांताने रडलं. इतकं मोठ्याने ते कधीच रडलं नव्हतं. वासंती अनवाणीच बाहेर धावली आणि तिने शेजारचं दार बडवलं.

"कसली माणसं हो तुम्ही? लेकराला असं रडवतात का?"

दार एका म्हाताऱ्या बाईने उघडलं. रशीदा, दापोलीकडची. मागे दोरीने बांधलेली खोकी, गुंडाळलेल्या गाद्या. तिच्या एका हातात दुधाची भरलेली बाटली, दुसऱ्या हातावर एवढंसं पोर.

"सून दवाखान्यात बेशुद्ध पडलीय," ती कशीबशी म्हणाली. "हे बाटली तोंडात धरत नाही. चमच्याने पाजलं तर ओकतं. डॉक्टर म्हणतात, आज पोटात दूध गेलं नाही तर हातचं जाईल गं."

वासंतीने पोर जवळजवळ ओढूनच घेतलं आणि तिथंच फरशीवर बसली. पोराने दोनदा तोंड फिरवलं. मग धरलं आणि गटागटा प्यायला लागलं. बाळ गेल्यापासून वासंतीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ती ढसाढसा रडली.

"आमच्यात दूध पाजते तीही आईच," रशीदा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "आता तूही याची आई."

वासंतीने डोळे पुसले. राग अजून गेला नव्हता. "मग आधी का नाही आलात माझ्याकडे? अठरा दिवस ऐकतेय मी याचं रडणं!"

रशीदाचा हात थांबला.

"अठरा? अगं बाई, हे परवा जन्मलं. या खोलीची चावी आम्हाला मिळाली आज सकाळी. आणि रडण्याचं म्हणशील, तर हे अजून एकदाही रडलेलं नाही."