शीळ

"मेला की कळवा," असं सांगून नाईकसाहेब मागचे पाय लुळे पडलेला आपला कुत्रा जनावरांच्या दवाखान्यात टाकून गेले.

तिथं झाडलोट करणाऱ्या शेवंताबाईंनी ब्रूनोला हातानं भरवलं, रोज त्याचे पाय चोळले, पोटाखाली लुगडं धरून चालवलं. पावसाळा सरला तसा तो उभा राहिला.

हे कळताच साहेब गाडी घेऊन आले. शेवंताबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "त्यालाच विचारा ना साहेब, कुणाबरोबर जायचंय."

साहेबांनी शीळ घातली. ब्रूनो बाईंना चुकवून धावला, साहेबांचे बूट चाटत घोटाळला आणि दार उघडताच गाडीत चढून बसला.

"बघितलंत?" साहेब हसले.

शेवंताबाईंनी गोळ्यांची पुडी खिडकीतून आत दिली. "जेवणानंतर द्या," एवढंच त्या म्हणाल्या. ब्रूनोनं मानही वळवली नाही.