आवडाबाईचा मोह सुटला

“आत्याबाई, हा फुटका हंडा देऊन टाकू?”

“टाक,” आवडाबाई म्हणाली.

राहीच्या हातून हंडा निसटायचाच बाकी होता. थंडीत अंगावरून वारं गेल्यापासून सासूची वाचा बसली होती. आज शब्द फुटला, आणि तोही असा! वाकडा खिळासुद्धा जपून ठेवणारी बाई ती. शेजारणीने ताकाला लोटी नेली तर परत येईपर्यंत ओटीवरून हलायची नाही.

“खरंच देऊ?”

“टाक. टाक.” डावा हात तेवढा हलत होता. तो उचलून तिने देव्हाऱ्याकडे दाखवलं.

देव्हारा रिकामा होता, आणि राहीचा घोर तोच होता. घराण्याचा अंगठ्याएवढा चांदीचा देव त्यात असायचा. सून माहेरी पोचवील या संशयाने म्हातारीने तो दिवाळीनंतर कुठेतरी दडवला, आणि मग हे दुखणं आलं. आता शिमग्याला ग्रामदेवीची पालखी पावस गावच्या वाडीवाडीतून फिरत घरी येणार, मुंबईहून नवरा, सदू, आगबोटीने येणार, आणि सगळ्या गावादेखत देव्हारा मोकळा दिसणार. मग काय, सुनेने देव विकला म्हणायला लोक तयारच. आणि सदू आईचाच लेक. राहीला अन्न गोड लागत नव्हतं.

राहीचं माहेर लांज्याकडचं. तिथे देव्हाऱ्यात नुसता नारळ असायचा. इथल्या देवाला हात लावायची तिला मुभा नव्हती. त्याच्याबद्दल विचारायचीही सोय नव्हती. “तुला कशाला चौकशा?” एवढंच उत्तर मिळायचं.

शिमग्याआधीची साफसफाई तर करायचीच होती. त्या निमित्ताने घर उपसून देव हुडकायचा असं तिने ठरवलं. पण घर असं खच्चून भरलेलं की एक वस्तू बाहेर गेल्याशिवाय दुसरीला हात पोचत नव्हता.

हंडा आतून बाहेरून चाचपून तिने कासाराकडे मोडीत पाठवला. मग जुनी लुगडी निघाली.

“केरूची बायको बाळंत झाली. दुपट्यांना देऊन टाकू?”

“टाक.”

उकिरड्यावर राहीने काही फेकलं नाही. जे ज्याच्या उपयोगी पडेल ते त्याला दिलं. तडा गेलेली बरणी चिमाला मीठ ठेवायला गेली. सुंभाची भेंडोळी होडीवाल्यांनी नेली. सासऱ्याची घोंगडी गुणाजीच्या म्हाताऱ्याला मिळाली, तेव्हा तो रडलाच. दर वस्तूला राही विचारायची, दर वस्तूला आवडाबाई “टाक” म्हणायची आणि हात देव्हाऱ्याकडे न्यायची.

वाडीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! दाजी गुरव मुद्दाम येऊन बसला. त्याच्यासमोर तर राहीने विचारलंही नव्हतं, तरी म्हातारी “टाक, टाक” करू लागली.

“सगळं देवाला वाहतेय हो ही,” दाजी हात जोडून म्हणाला. “चारी धाम केलेल्यांना हे जमत नाही.” आणि तो चक्क बाजल्यापाशी वाकला.

त्या दिवसापासून बाया पाया पडायला येऊ लागल्या. राहीसुद्धा सकाळी उठून सासूच्या पायांवर डोकं ठेवू लागली. ह्या बाईला आपण मनातल्या मनात काय काय बोललो, या विचाराने तिला लाज वाटायची. देव मात्र मिळत नव्हता.

पालखी उद्यावर आली तेव्हा घरात भांडीकुंडी सोडून काही उरलं नव्हतं. माळ्याच्या कोपऱ्यात शेवटी आवडाबाईची चुंबळ सापडली, डोक्यावर हंडा ठेवायची, चिंध्या घट्ट शिवलेली, मळून काळी पडलेली. तेवढ्यात हौसाबाय पाटी घेऊन मासळी विकायला दारात आली. तिची चुंबळ पार भुगा झालेली.

“आत्याबाई, ही हौसाकाकीला देऊन टाकू?”

“टाक! टाक! टाक!” म्हातारी बाजल्यावरून उठायला बघू लागली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

राहीलाही भरून आलं. मोह सुटताना डोळे ओले होणारच, असं तिला वाटलं. तिने चुंबळ हौसाच्या हातात दिली. हौसाने ती कपाळाला लावली आणि गेली.

संध्याकाळी राही रिकाम्या देव्हाऱ्यासमोर बसून होती. उद्या काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. तोच हौसा धापा टाकत आली. पाटी तिने बाहेर खळ्यातच ठेवली होती आणि पदराखाली ओंजळीत काहीतरी धरलं होतं.

“राही, आधी दिवा लाव गो बाय.”

राहीने दिवा लावला. हौसाने ओंजळ उघडली. घोड्यावर बसलेला चांदीचा देव लखलखला.

“त्या चुंबळीतून निघाला,” हौसा कुजबुजली. “डोक्याला टोचायला लागलं म्हणून उसवली. दिवसभर देव डोक्यावर घेऊन फिरले गो मी! बघ, अजून अंगावर काटा आहे.”

राहीने देव सासूजवळ नेला. आवडाबाईने तो छातीशी धरला आणि सोडेचना.

“आत्याबाई,” राही रडतच म्हणाली, “तुम्ही सगळं देऊन टाकलंत, म्हणून देव घरी आला हो.”

हौसाने डोळे पुसले. “ते खरं. पण मना एक सांग, चुंबळीत टाक कोण शिवतो गो?”

“काय शिवतो?” राहीने विचारलं.

“टाक गो,” हौसा म्हणाली. “चांदीच्या देवाला टाकच म्हणतात ना आपल्यात.”