वाक्यात उपयोग करा

"बडतर्फ," द्वारका म्हणाली.

त्रिंबकनं पाटीवर लिहिलं : बरतरफ.

"तिथं ड हाय, र नाय. आन् पुढचा र असा सुटा नाय, फ च्या डोक्यावर रफार द्या."

"अगं, शब्द आमच्या उर्दूचा हाय. दहा साल लिहितोय मी. तरफ म्हणजे बाजू. बाजूला ठेवलेला माणूस, तो बरतरफ. तुमच्या नेवाशाच्या मास्तरानं मधी ड घुसडला."

"शब्द तुमचा असंल. परीक्षेचा पर्चा त्यांचा हाय."

त्यानं पाटी पुसली आणि ड घालून पुन्हा लिहिलं.

आठ वाजून गेले होते. दहाला कचेरीत कारकुनांची मराठीची परीक्षा होती. निजामाचं राज्य जाऊन दोन वर्षं झाली होती आणि कचेरीचे कागद उर्दूतून मराठीत आले होते. त्रिंबक घरात मराठीच बोलायचा, झोपेत बडबडायचा तेही मराठीतच. पण शाळा उर्दू, नोकरी उर्दू. द्वारका गोदावरीपलीकडच्या नेवाशाची, इंग्रजी मुलखातली, मराठी चौथी पास. लग्नात तिच्या चौथीचं कुणाला कौतुक नव्हतं. आता उस्मानपुऱ्यातल्या या एका खोलीत, सात महिन्यांच्या आशाला मांडीवर घेऊन, ती नवऱ्याला शब्द घालत होती. तो दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर काय, ते आत्ताच त्यानं पाटीवर लिहिलं होतं.

"वही कुठून उघडायची?" तिनं विचारलं.

त्रिंबकनं शाळकरी पोरासारखा डावा हात वर केला. मागच्या खेपेला त्यानं उर्दूच्या सवयीनं उत्तरं शेवटच्या पानापासून लिहायला घेतली होती. तपासणाऱ्यानं पहिलं पान उघडलं, तर कोरं.

सकाळपासून सात शब्द झाले होते. 'रजा' या शब्दाचं वाक्य त्यानं केलं होतं : आशाला ताप आला म्हणून मी रजा घेतली. वाक्य चांगलं होतं, पण 'म्हणून'चा ऊकार गळला होता आणि 'मी'ची वेलांटी आखूड होती. उर्दूत असल्या बारीकसारीक खुणा लिहीतच नाहीत, वाचणारा समजून घेतो, असं तो म्हणाला होता.

"मराठीत कुणी समजून घेत नाय," द्वारका म्हणाली होती.

"आता बडतर्फचा वाक्यात उपयोग करा," ती आता म्हणाली.

तो बराच वेळ पेन्सिल धरून बसला. मग एकदम लिहीत सुटला. कुठं थांबला नाही, कुठं खोडलं नाही. पाटी भरली तशी तिच्या हातात दिली.

कारकून त्रिंबक कारभारी हे मराठीच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाले, सबब त्यांना आजपासून बडतर्फ करण्यात येत आहे.

द्वारकेनं अक्षराअक्षराखाली बोट धरून वाचलं. ड होता. रफार होता. वेलांट्या जागच्या जागी होत्या. पुन्हा वाचलं. एखादी चूक सापडावी, कसलीही, म्हणून तिसऱ्यांदा वाचलं. सकाळपासून इतकं बिनचूक वाक्य त्याच्या हातून उतरलं नव्हतं.

"बरोबर हाय का?"

"बरोबर हाय."

"असले हुकूम लिहूनच हात बसलाय माझा. उर्दूत काय, मराठीत काय. नाव तेवढं बदलायचं असतं."

"मग बदला की." तिनं आशाच्या गळ्यातलं लाळेरं सोडलं, तांब्यात बुडवलं आणि पाटीवरचं नाव पुसून टाकलं. "घाला दुसरं."

"कुणाचं घालू?"

"बद्रीनाथभावजींचं घाला. त्यांचं तर झालंच हाय."

बोलून गेली आणि तिचा हात थांबला. बद्रीनाथ त्रिंबकच्याच टेबलाला टेबल लावून बसायचा. मागच्या महिन्यात त्याला काढलं होतं. हातातलं ओलं लाळेरं त्याच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, आशाच्या बारशाला शिवून आणलं होतं.

त्रिंबक उठला. त्यानं टोपी घातली, टाक आणि दौत पिशवीत ठेवली, आशाच्या टाळूवर हात ठेवला. उंबऱ्यापाशी थांबला.

"नावाबिगर होतं का गं वाक्य, मराठीत?"

"होतं की," द्वारका घाईनं म्हणाली.

"कसं?"

तिनं आठवून पाहिलं. चौथीच्या पुस्तकात सगळ्या वाक्यांना कुणी ना कुणी होतं. राम, गोविंदा, शेतकरी, गाय.

"जाऊ दे. उशीर होईल," तो म्हणाला आणि निघाला. वळणावर जाऊन त्यानं मागं पाहिलं आणि डावा हात वर केला. तिनं दारातूनच जोरजोरात मान हलवली.

ती आत आली तेव्हा पाटी वाळत आली होती. वाळेल तसं पुसलेल्या जागेतून नाव पुन्हा वर येत होतं, फिकट, आधी 'त्रिं', मग 'बक'.

आशानं लाळेरं तोंडात घातलं होतं. द्वारकेनं ते हळूच सोडवून घेतलं, पुन्हा तांब्यात बुडवलं, पाटीवर फिरवलं आणि बघत बसली. वाळायला लागली की पुन्हा फिरवलं.

दहा वाजले, अकरा वाजले. पाटी तिनं वाळू दिली नाही.