सरजाबाईची टकटक

मनिषाने पोत्यांत बेसन सोडणारा वॉल्व्ह परत खोलला आणि परत बसवला. मोटर ठणठणीत. आतलं सरकतं पातं स्वच्छ. बेसनाची धूळ आत शिरू नये म्हणून लावलेलं रबरही जागच्या जागी. तरी लातूरच्या त्या बेसन मिलचे मॅनेजर राजशेखर आपलं तेच धरून बसले होते. वॉल्व्ह उशिरा उघडतो, पोती मागं पडतात, संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर तो नांदेडला परत घेऊन जा.

नांदेडच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकून नोकरीला लागल्यावर मनिषाने एकटीने केलेलं पहिलंच काम म्हणजे हा वॉल्व्ह. तेच परत न्यायचं, तर कंपनीत तोंड कुठे दाखवायचं? तिला रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती.

शेवटी ती खाली, पोती भरायच्या जागी जाऊन उभी राहिली. तिथे सरजाबाई होती. डोक्यापासून पायापर्यंत बेसन, पापण्यासुद्धा पिवळ्या. तिने वरून आलेल्या पाइपाला पोतं लावलं. लाकडी हातोडी घेऊन पाइपावर टकटक केली. थांबली. वर पाहिलं. आणि मग कुठे बटण दाबलं. वॉल्व्ह लगेच उघडला, बेसन धबाधबा पोत्यात पडलं.

हात्तिच्या! उशीर वॉल्व्हला होतच नव्हता, सरजाबाईला होत होता.

मनिषाने जवळ बसून विचारलं तेव्हा कळलं. वॉल्व्ह यायच्या आधी इथे दोरीने ओढायचं पत्र्याचं झाकण होतं. बेसन अडकलं की सरजाबाईचा नवरा लिंबाजी वर चढून हाताने मोकळं करायचा, आणि खालून दोरी ओढायची सरजाबाई. धुळीत एकमेकांचं तोंड दिसत नसे. एके दिवशी त्याचा हात आत असताना तिने दोरी ओढली आणि त्याची दोन बोटं गेली. तेव्हापासून तिने टकटक करायची, वरून लिंबाजीची टकटक आली की मगच ओढायचं. आता छातीच्या दुखण्याने तो औशाजवळच्या गावात घरीच असतो.

“मावशी, आता वर कुणीच नसतं,” मनिषा म्हणाली.

“कळतं माय. पण हात मानत न्हाई.”

मनिषाचा जीव कळवळला. पण करणार काय? तिने सरजाबाईला समजावलं, की सरळ बटण दाबत जा, नाहीतर माझं पहिलंच काम वाया जाईल. सरजाबाई गरीब बिचारी, मान डोलावून सरळ बटण दाबू लागली. पोती भराभर भरली. राजशेखर हसले. मनिषा हवेत होती. सरजाबाई मात्र दर वेळी बटण दाबताना डोळे मिटून घ्यायची.

जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर वॉल्व्हमध्ये बेसनाचा गोळा अडकला. सरजाबाई डबा खायला गेली होती. काय, एवढंसं तर काम, म्हणून मनिषा एकटीच वर चढली. आनंदाच्या भरात मेन स्विच बंद करायचं राहून गेलं. तिने तपासणीचं झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. खाली सुट्टी संपली होती, हे तिच्या गावीही नव्हतं.

पाइपावर टकटक झाली.

मनिषाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने हात बाहेर ओढला, आणि लगेच आतलं पातं खर्रकन सरकलं.

ती खाली आली. तिला पाहून सरजाबाई आधी ओशाळली. न राहवून टकटक केली होती, आता बोलणी खावी लागणार. मग तिला मनिषाचा कोपरापर्यंत पिवळा झालेला हात दिसला. तिने हातोडी टाकली. तो हात पदराने पुसला, एकेक बोट वेगळं धरून, सगळी पुसून होईपर्यंत. दोघींच्याही डोळ्यांना धार लागली.

तेवढ्यात राजशेखर आले. वॉल्व्ह पुन्हा उशिरा उघडला, दोष सापडला की नाही, असं त्यांनी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

मनिषाने सरजाबाईचा हात सोडला नाही.

“दोष नाही, सर. परत न्यायचा असेल तर आत्ता नेते. पण इथे राहिला, तर हा वॉल्व्ह विचारूनच उघडेल.”